मावशीचं गालील

त्या पहाटे येशूच्या कबरीकडे निघालेल्या बाया कामाला निघाल्या होत्या. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, प्रवचनांतून हे सहसा निसटतं. त्यांना कुठलाही चमत्कार बघायचा नव्हता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत, शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा शनिवार, लागायच्या आत, दफन कसंबसं उरकलं होतं. देहाला सुगंधी द्रव्यं लावायची राहून गेली होती. शनिवार हात बांधून काढला आणि रविवारी उजाडता उजाडता, राहिलेलं काम पुरं करायला त्या बाहेर पडल्या. वाटेत एकच घोर: दारावरची एवढी मोठी धोंड सरकवणार कोण?

माझ्या मावशीला शुभवर्तमानातला हा तुकडा सगळ्यांत जास्त आवडायचा. "बघ," ती म्हणायची, "तिकडं तो उठूनसुद्धा गेला, आणि यांना धोंडेची पडलीय. बायका त्या बायकाच." आणि हसायची. डोंगरातल्या पावसाळ्यांनी तिचा आवाज कायमचा बसला होता, हसूही त्याच आवाजातलं.

मावशी गेल्या श्रावणात गेली. वसईत, आमच्या देवळामागच्या दफनभूमीत तिला ठेवलं. पाऊस इतका की खड्ड्यात साचलेलं पाणी आधी बादलीनं उपसावं लागलं. फादरांनी प्रार्थना म्हटली, आम्ही मूठमूठ माती टाकली. माती कसली, चिखलच तो. पेटीवर पडलाच नाही नीट, हाताला चिकटून राहिला. घरी येऊन हात धुतले तरी नखांत दिसत होता.

नंतरच्या आठवड्यात जी माणसं भेटायला आली, त्यांतली निम्मी मला शांत करायला आली होती. पुनरुत्थानावर विश्वास आहे ना तुझा, मग रडतोस कशाला, असं एक जण म्हणाले. चांगले, देवभीरू गृहस्थ. मी त्यांना चहा दिला, बोललो काही नाही. लाजराला आपण घटकाभरात उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या कबरीकडे जाताना तो रडला, हे योहानानं लिहून ठेवलंय. ज्याच्या हातात सगळं होतं त्यानंच आसवं आवरली नाहीत, आणि आमच्याकडं मात्र तिसऱ्या दिवशी डोळे कोरडे हवेत. पास्काचा हा असा उपयोग मला पटत नाही. दुःखावर झाकण घालायला पास्का वापरणारे लोक शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये एक अख्खा शनिवार होता हे सोयीनं विसरतात.

1986 साली मावशीला नर्स म्हणून मोखाडा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राची ऑर्डर आली, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं म्हणे. वसई आणि मोखाडा तेव्हा एकाच ठाणे जिल्ह्यात. पालघर वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. पण वसईकराला मोखाड्यापेक्षा दुबई जवळची. सरकारी नोकरांत मोखाड्याची बदली म्हणजे शिक्षा, असं तेव्हाही बोललं जायचं, आजही बोललं जातं. आजोबांनी ओळखी काढल्या. एका पुढाऱ्याच्या घरी सुकेळ्यांचा पुडा घेऊन जाऊन बसले. पुढाऱ्यानं सुकेळी ठेवून घेतली, बघतो म्हणाला. तोवर मावशीनं ट्रंक भरली होती.

मोखाडा तालुक्यात वाड्याकडून घाट चढून वर आलं की सूर्यमाळ लागतं. हल्ली थंड हवेचं ठिकाण म्हणून त्याचं नाव झालंय. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्या येतात, लोक धुक्यात फोटो काढतात, भाजलेलं कणीस खातात, देवबांधच्या गणपतीला हात जोडून आणि वेळ उरला तर जव्हारचा मुकणे राजांचा राजवाडा बघून परत फिरतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सूर्यमाळ श्रावणात खरोखरच देखणं असतं. पण मावशी सांगायची ते चैत्रातलं सूर्यमाळ. गवत वाळून भुरकट झालेलं, कुसुंबाला तेवढी तांबडी पालवी, उतारांवर राब भाजल्याचे काळे चौकोन. तोडलेल्या टहाळ्या, पालापाचोळा, शेण, वर मातीचा थर, आणि खालून आग. त्या राखेत मृगाच्या आधी नागली-वरईचं बी पडतं. राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात तेव्हा मावशीला म्हणे दरवेळी या शेतांचा वास यायचा.

चैत्रात पाडे निम्मे रिकामे असतात. दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी, वाडा, वसईकडं वीटभट्ट्यांवर उतरतात ती पावसाच्या तोंडाशी परततात. वारली, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी, कातकरी; कुणाचं दार कुडाचं, कुणाचं पत्र्याचं, त्याला बाहेरून काठी आडवी लावलेली. आमच्या वसईच्या घराची एक भिंत ज्या विटांची आहे, त्या कुणी थापल्या हे आम्ही कधी विचारलं नाही. मावशीनं एकदा सुट्टीत आली असता जेवताना विचारलं होतं. आजोबा म्हणाले, जेव आधी.

1992 चा पावसाळा जव्हार-मोखाड्यात कुणी विसरलेलं नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात एकामागून एक मुलं दगावली. भूक, आणि भुकेनं पोखरलेल्या अंगात शिरलेली दुखणी. गाजावाजा झाला, मंत्री आले, वर्तमानपत्रांची माणसं आली, पुढं जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्याचं कार्यालय झालं. मावशीचं उपकेंद्र तिथून लांब, वेगळ्या तालुक्यात. पण पाऊस तोच होता, आणि आषाढात रिकाम्या होणाऱ्या कणग्याही त्याच.

तिची एक वही माझ्याकडं आहे. सरकारी रजिस्टरं कचेरीत जमा झाली. ही तिची स्वतःची, दोनशेपानी, कव्हर उंदरांनी कुरतडलेलं. पाड्याचं नाव, पोराचं नाव, आईचं नाव, वजन. झाडाच्या फांदीला काटा टांगायचा, त्याच्या झोळीत पोराला बसवायचं, पोर आधी रडायचं आणि मग झोळी हलायला लागली की गप्प व्हायचं. तेवढ्यात आकडा वाचायचा. वहीतले आकडे सहा किलो, सात किलो असे. सहा किलोची पोरगी दोन वर्षांची आहे हे शेजारच्या रकान्यात बघितलं की वही मिटावीशी वाटते. काही ओळींत वजनाचा रकाना कोरा आहे आणि तिथं पेन्सिलीनं काढलेला बारीक क्रूस. बाकी सगळी वही शाईची. हे क्रूस पेन्सिलीनं का, ते तिला विचारायचं राहून गेलं.

त्या पावसाळ्यानंतरच्या पास्काला ती वसईला आली नाही. आजीच्या नावानं पत्र आलं, चार ओळींचं. वजनं राहिलीत, पास्का इथंच करते. आजी ते पत्र हातात घेऊन बराच वेळ बसली. आमच्याकडं पास्काचा जागरणविधी चुकवायचा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. शनिवारी रात्री देवळातले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवा विस्तव पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावून फादर काळोख्या देवळात शिरतात, आणि तिच्यावरून एकाची, त्याच्यावरून दुसऱ्याची अशा शेकडो मेणबत्त्या उजळत जातात. शेजारी कोण उभं आहे हे त्या उजेडात एकेक करून दिसायला लागतं. आजीच्या शेजारची जागा त्या वर्षी मोकळी होती. पुढं ती बहुतेक मोकळीच राहिली.

ती तिथं एकटीनं पास्का कसा करायची? एकदा मी विचारलं, तर म्हणाली, कंदिलाजवळ मार्कचा शेवटचा अध्याय वाचायची आणि झोपायची. सकाळी लवकर उठायचं असायचं.

मार्कचा शेवट मुळात विचित्र आहे. बाया कबरीपाशी पोचतात तो धोंड बाजूला झालेली. आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसलेला. तो सांगतो की येशू इथं नाही; तो तुमच्या आधी गालीलात जातो आहे, तिथं तुम्हाला दिसेल, शिष्यांना कळवा. आणि बाया थरथरत पळ काढतात, भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान इथंच थांबतं. वाद्यं वाजत नाहीत, कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. घाबरलेल्या तीन बाया आणि एक पत्ता.

तो पत्ता बघा. यरुशलेमचं मंदिर नाही, राजवाड्याचा चौक नाही. ज्यांनी त्याला मारलं त्यांच्यापुढं जाऊन उभं राहणंसुद्धा नाही. गालील म्हणजे उत्तरेकडचा आडवळणाचा मुलूख, कोळी-शेतकऱ्यांचा, राजधानीत ज्याची टर उडायची असा. येशूला धरलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र विस्तवाशी शेकत बसला होता आणि मी त्याला ओळखत नाही म्हणत होता, तेव्हा लोकांनी त्याला पकडलं ते बोलीवरून. तोंड उघडलं की गालीली माणूस कळायचा. मोखाड्याचा पेशंट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत तोंड उघडतो तेव्हा त्याचंही तेच होतं. मावशी अशा कितीतरी पेशंटांसोबत गेलेली. खिडकीपाशी ती स्वतः बोलायची, त्यांना बोलू द्यायची नाही. नंतर नंतर तिला याचंही वाईट वाटायला लागलं होतं. त्यांचं त्यांनी बोलावं आणि समोरच्यानं ऐकावं, असं ती म्हणायची.

उठलेला येशू भेटायचा असेल तर गालीलात जा. म्हणजे परत आपापल्या कामाच्या ठिकाणी जा, जाळी जिथं टाकून आलात तिथं. कबरीपाशी थांबू नका. मावशीनं यावर कधी प्रवचन दिलं नाही, ती प्रवचन देणाऱ्यांतली नव्हतीच. पण सबंध नोकरीभर ती एवढ्याच एका निरोपावर जगली, असं मला आता वाटतं. तिला बदली मागता आली असती. दोनदा आपणहून आलेली तिनं फिरवली, हे आम्हाला तिच्या निवृत्तीच्या वेळी कळलं.

हल्ली एखाद्या ख्रिस्ती बाईनं आदिवासी पाड्यांवर जन्म काढला असं लिहिलं की लोक लगेच डोळे बारीक करून पुढचा प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी सांगतो: तिनं कुणाला देवळात नेलं नाही, नेलं ते दवाखान्यात. बोहाड्याच्या रात्री संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक देवाचा मुखवटा मशालींच्या उजेडात नाचत यायचा, तेव्हा ती गावच्या बायांत गोधडी पांघरून पहाटेपर्यंत बसायची. आणि सकाळी त्याच बायांना, लसीला पोरं का आणली नाहीत म्हणून झापायची.

झापायची, पण खायला घालून. हा तिचा नियम होता, आणि तो तिनं योहानाच्या शेवटच्या अध्यायातून उचलला होता. रात्रभर जाळी टाकून काहीच हाती न लागलेल्या शिष्यांना किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव दिसतो, त्यावर मासे आणि भाकर. येशू त्यांना आधी न्याहारीला बोलावतो. खाऊन झाल्यावर मग पेत्राला विचारतो, माझ्यावर तुझं प्रेम आहे का? तीनदा विचारतो, कारण पेत्रानं तीनदा नाकारलं होतं, तेही कोळशाच्याच विस्तवापाशी. हिशेब चुकता होतो, पण पोट भरल्यावर. दोन डोंगर उतरून पोराला घेऊन आलेली बाई उपकेंद्राच्या पायरीवर बसली की मावशी आधी तिच्या हातात चहा-बटर द्यायची. गेल्या महिन्यात का आली नाहीस, हे नंतर.

आणि शांती? दारं लावून बसलेल्या घाबरट शिष्यांमध्ये उठलेला येशू येऊन उभा राहतो आणि पहिल्यांदा शांतीच देतो, हे खरं. पण लगेच हात आणि कूस दाखवतो. जखमा तशाच आहेत. मरणावर मात केलेल्या देहावरून खिळ्यांचे वण काही पुसले गेले नाहीत. थोमाला बोट घालून बघता येईल इतके ते उघडे आहेत. वहीतली ती मुलं का गेली, याचं उत्तर पास्का देत नाही. मावशीला ते कुठून मिळालंही नव्हतं. म्हातारपणी ती फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' मांडीवर घेऊन ओसरीत बसायची आणि मधेच एखादं नाव घ्यायची, एखाद्या पाड्याचं, एखाद्या पोराचं. जपमाळेसारखं नव्हे. आठवलं म्हणून. ती अशांत होती असं मला कधी दिसलं नाही. विसरली होती असंही नाही.

यंदा, 2026 साली, हनुमान जयंती आणि पास्काच्या आधीचा आज्ञा गुरुवार एकाच दिवशी आले, 2 एप्रिलला. चैत्री पुनव ती. पास्का वसंतातल्या पुनवेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे आमचा सण आणि तुमची पुनव कायम मागंपुढं चालतात. घरातल्यांना वाटलं, तिच्या मागचा पहिला पास्का, मी दफनभूमीत जाऊन फुलं ठेवीन. मी शनिवारी दुपारी वाड्याची वाट धरली.

रविवारी उजाडण्याआधी सूर्यमाळच्या खालच्या अंगाला, एका मोहाच्या झाडाखाली तीन बाया आणि काही पोरं दिसली. मोहाची फुलं रात्रभर टपटपतात, आणि उन्हं चढायच्या आत, गुरं पोचायच्या आत वेचावी लागतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन लख्ख केलेली. वाकून वाकून टोपल्या भरत होत्या. फूल कसलं, फिकट पिवळसर थेंबच तो, बोटात धरला की मऊ, चिकट. वास गोड आणि थोडा आंबूस. मार्कनं सांगितलेल्या बाया अशाच कामाच्या घाईत असणार, उजेड पडायच्या आत उरकायचं म्हणून.

त्यातल्या म्हातारीला मी मावशीचं नाव सांगितलं. ती वाकलेली होती तशीच थांबली.

"नर्सबाय? लई वराडायची ती."

मी हो म्हटलं.

"तुझी कोण?"

मावशी, म्हटलं. गेली, श्रावणात. म्हातारीनं माझ्याकडं नीट पाहिलं. देव बरा आहे, ती सुटली, आता रडू नको, यातलं काहीच ती बोलली नाही. "माझी धाकटी तिच्याच हातावर झाली," एवढं म्हणाली, आणि झाडाखाली राहिलेल्या फुलांकडं हात केला. मग मीही वेचायला बसलो. माझ्या हातून दुप्पट वेळ लागत होता, पोरं हसत होती. धाकटी कुठंय, असं मी मध्ये विचारलं. भट्टीवर, वसईला. ऊन अंगावर आलं तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटत होतं, एवढंच सांगता येईल. कुणी मला समजावलं नव्हतं म्हणूनही असेल.

नंतर त्यांच्या अंगणात फुलं वाळत घालताना कोरा चहा मिळाला. पाणी जपून वापरत होत्या. याच तालुक्याच्या कुशीत, वैतरणेवर, 102 मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. ते पाणी मुंबईला जातं. इथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मावशी यावर एका वाक्यात जे म्हणायची ते छापण्यासारखं नाही.

निघताना म्हातारीनं विचारलं, सध्याच्या उपकेंद्रातली नर्सबाय किती दिवस टिकेल? मला कसं ठाऊक असणार. पण प्रश्न खरा होता. 2022 च्या ऑगस्टात याच तालुक्यातल्या मर्कटवाडीतून एका बाळंतिणीला झोळीत घालून चिखलातून न्यावं लागलं आणि तिची जुळी बाळं वाचली नाहीत. रस्ता कधी होईल ते सरकार जाणे. वेळेला कुणीतरी जवळ असणं, हे मात्र माणसांच्या हातात आहे.

म्हणून वसईच्या, आणि जिथं जिथं हे वाचलं जाईल तिथल्या, आईबापांना एक सांगणं. तुमच्या मुलीला नर्सिंगची ऑर्डर मोखाड्याची आली, मुलाला शिक्षकाची आली, तर लगेच ओळखी काढू नका. सुकेळ्यांचा पुडा घरीच ठेवा. निदान एक पावसाळा त्यांना तिथं काढू द्या.